लाल चिरेचे दाणे

रविवार, १७ डिसेंबर १९७२. सकाळी सात ते आठ. चिमण्या एकतीस. होले नऊ. पारवे अकरा. साळुंक्या चार. बुलबुल दोन. दयाळ एक. कोतवाल एक. कडुनिंबावर शिक्रा एक, सात वाजून वीस मिनिटांनी. तो आला तसे दाणे टिपणारे सगळे उडाले आणि पुढची दहा मिनिटं फरशी रिकामी राहिली.

एकतीस चिमण्या म्हणजे तासाभरात आलेल्या सगळ्या चिमण्या नव्हेत. चिमणी जाते, पुन्हा येते, आणि तीच की दुसरी हे सांगता येत नाही. म्हणून एका नजरेत एकाच वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तितक्याच धरायच्या, असा नियम शरच्चंद्र सरांनी मला घालून दिला होता. ते कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. मी त्या उन्हाळ्यात बी.एस्सी. झाले, एम.एस्सी.चा प्रवेश हुकला आणि वर्षभर घरी बसायची वेळ आली. तेव्हा सर म्हणाले, "घरी खिडकी आहे ना? मग बसू नका, मोजा."

आमची स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला होती. तिला सात उभे गज, मधून एक आडवी पट्टी आणि बाहेर हातभर रुंद फरशी. प्रताप नगर तेव्हा अर्धं मोकळंच होतं. खिडकीसमोर दोन रिकामे प्लॉट, त्यांत बाभळी, तरोटा आणि कुंपणाला लागून एक कडुनिंब. मी आलेखाचा कागद दाराच्या मागे चिकटवला होता आणि दर रविवारी त्यावर ठिपके द्यायची. आधी चौदाच्या वर कधी न गेलेली चिमण्यांची रेघ डिसेंबरात एकदम चढली.

"जनगणना झाली का मॅडम?" मुकुंददादा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून दारात यायचा. "किती नर, किती मादी, किती बेकार?"

"बेकार एकच. खिडकीच्या आतली."

वहिनी हसायची. तिला सातवा महिना होता आणि हसताना ती पोटाखाली हात धरायची. दादाच्या असल्या विनोदांना घरात तेवढं एकच गिऱ्हाईक.

चिमण्या वाढल्या त्या गव्हामुळे, हे मला माहीत होतं. तसं मी कागदावर पेन्सिलीने लिहिलंही होतं: "दाणे सुरू, ३ डिसेंबर."

तो गहू वहिनीच्या माहेरचा. तिचे वडील चंपतराव कुहीकडच्या एका खेड्यात शेती करत. त्या साली पाऊस मधेच गेला, विहिरीने तळ दाखवला, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही वहिनीला माहेरी न्यायचं नाही, नागपूरलाच करायचं, असं ठरलं. लेक येत नाही तर तिची ओटी तरी भरावी, म्हणून चंपतराव डिसेंबरच्या सुरुवातीला एसटीच्या टपावर अर्धं पोतं गहू टाकून आले. अंगणात पोतं उतरवलं आणि आईला म्हणाले, "बियाण्याचा आहे जी, इनबाई. जमिनीत ओलच नाही तर पेरू कुठी? म्हटलं, पोरगी तरी खाईन. धुऊन, वाळवून आनला."

आईने मूठभर गहू हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. टपोरा, एकसारखा, भरलेला दाणा. आम्ही मूळचे भिवापूरकडचे. आमच्या घरीही आजोबा बियाण्याचा गहू वेगळा ठेवायचे. सगळ्यांत चांगला दाणा निवडून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, कणगीत. त्याला कोणी हात लावायचा नाही. पेरणी हुकली, घरात खायला काही उरलं नाही, तरच ती कणगी उघडायची, राख धुऊन काढायची आणि तो गहू दळायचा. त्यामुळे "बियाण्याचा" या शब्दाचा आमच्या घरी एकच अर्थ होता, आणि "धुऊन आणला" याचाही.

"बियाण्याचा गहू अन् तोही सुनंले," आई म्हणाली. "नशीब लागते बापा."

आम्ही तिघं ज्वारीची भाकर आणि भात खायचो. रेशनवर गहू मिळालाच तर तो लालसर आणि किडका असायचा. माहेरचा गहू वहिनीचा, असं आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. एकदा दादाने तिच्या ताटातली पोळी उचलली तर आईने त्याच्या हातावर उलथनं मारलं.

"दोन जीवाची आहे ते. तुह्या पोटात काय वाढून राहिलं?"

"भूक," दादा म्हणाला.

"भुकेले भाकर आहे."

आई रोज सकाळी खिडकीखाली बसून सुपात गहू निवडायची. काही दाण्यांच्या पोटातल्या चिरेत लाल रेघ दिसायची. दाणा बाहेरून स्वच्छ, पण चिरेत रंग. आईच्या मते तो तांबेरा. असा प्रत्येक दाणा ती बोटाने बाजूला काढायची आणि सूप संपलं की ते सगळे दाणे मूठ-दोन मूठ भरून गजांमधून बाहेर फरशीवर टाकायची.

"पाखराले चालते," ती म्हणायची. "त्याईच्या नावाचं त्याईले."

मी सरांना कॉलेजात जाऊन चढती रेघ सांगितली तेव्हा ते खूश झाले. दाणे रोज त्याच वेळी, तेवढेच पडू द्या, म्हणाले, म्हणजे निष्कर्ष काढता येईल.

नाताळ होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मी खिडकीशी चहा घेऊन उभी होते. एक चिमणा डावीकडून तिसऱ्या गजाजवळ आडव्या पट्टीवर बसायला आला आणि बसला नाही. पट्टी होती तिच्या बोटभर अलीकडेच त्याने पंख मिटले, पाय पुढे केले आणि ते हवेतच आवळले. तो फरशीवर पडला. उठला, पुन्हा उडाला, पुन्हा बोटभर अलीकडेच मिटला.

चिमणीला मी अंधारात, पावसात, भांडता भांडता गजावर बसताना पाहिलं होतं. चुकताना कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्याला काही लागलं असेल असं वाटून मी त्याला टोपलीखाली धरला. डोळे स्वच्छ होते. पाय थरथरत होते आणि थरथर थांबत नव्हती. संध्याकाळी टोपली उचलली तेव्हा तो आडवा पडला होता.

एकतीस डिसेंबरला चिमण्या सत्तावीस. सात जानेवारीला बारा, होले दोन, पारवे तीन. कुंपणाच्या कडेला तरोट्यात शोधलं तर नऊ चिमण्या आणि चार होले मेलेले सापडले. एक होला जिवंत होता. त्याची मान वळून चोच पाठीकडे गेली होती आणि तो एकाच जागी डावीकडून गोल फिरत होता.

"थंडी किती पडून राहिली," आई म्हणाली. "पाखरं मरते थंडीनं."

"गोल फिरून?"

"मले काय विचारतं? बी.एस्सी. तू झाली."

थंडी खरोखरच होती, त्यामुळे मी तिचं म्हणणं अगदीच टाकू शकले नाही. पण बुलबुल दोनच्या दोन होते. दयाळ रोज सकाळी कुंपणावर शीळ घालत होता. कोतवाल तारेवर होता. थंडी त्यांनाही होतीच.

शिक्र्याचं मात्र फावलं होतं. धडपडणारी चिमणी पकडायला त्याला कष्ट पडत नव्हते. एका सकाळी मी त्याला तासाभरात तीन नेताना पाहिलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी तो कडुनिंबाखाली जमिनीवर बसलेला दिसला. मी अगदी चार हातांवर गेले. त्याने पिवळे डोळे माझ्याकडे वळवले, पंख उघडले, आणि उडण्याऐवजी तो कुशीवर कलंडला. मग पंखाचा टेकू घेऊन, दारुड्यासारखा, पुन्हा उभा राहायचा प्रयत्न करत राहिला. मी तशीच उकिडवी बसून राहिले. मला त्याला हातही लावता आला नाही. दुपारपर्यंत त्याच्यावर मुंग्या चढल्या.

या सगळ्या दिवसांत वहिनीच्या ओठांना मुंग्या येत होत्या. पहिल्यांदा तिने सांगितलं तेव्हा गंमत म्हणून सांगितलं. "ताई, माह्या ओठाले मुंग्या येऊन राहिल्या. कोण आठवण काढत असन?" पुढे बोटांना येऊ लागल्या. तिला तव्यावरची पोळी हाताने उलटवताना चटका कळेनासा झाला. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी तपासलं, या दिवसांत अशक्तपणा येतो म्हणाले, गोळ्या दिल्या आणि पोटभर पोळी, दूध, तूप खा म्हणून बजावलं. आईने त्या दिवसापासून वहिनीच्या ताटात एक पोळी वाढवली.

तेरा जानेवारीला, भोगीच्या दुपारी, आई तीळ भाजत होती. वहिनी जेवायला बसण्याआधी पाण्याचा पितळी गिलास भरून ओट्यावर ठेवायला आली. मी खिडकीशी होते, ती माझ्या डावीकडे. तिने गिलास पुढे नेला आणि ओट्याच्या कडेच्या बोटभर अलीकडेच सोडून दिला.

गिलास फरशीवर घणघणत गेला. पाणी आईच्या शेगडीपर्यंत पोहोचलं.

"अवं, लक्ष कुठी आहे?" आई म्हणाली.

"ठेवला तर होता," वहिनी म्हणाली. ती ओट्याच्या कडेकडे पाहत होती. तिने हात पुढे करून ती कड चाचपली, खरोखर कुठे आहे ते पाहायला. "मी ठेवला होता ना, ताई?"

तो चिमणा आणि ही बाई, दोघांची तीच चूक, तेवढ्याच अंतराची. मी दारामागच्या कागदाकडे वळले. चिमण्या, होले, पारवे, या तीन रेघा खाली आपटल्या होत्या. बुलबुल, दयाळ, कोतवाल, यांच्या रेघा आडव्या आणि सरळ. पहिले तीन दाणे खातात. दुसरे तीन फळं आणि किडे खातात. शिक्रा दाणे खात नाही, पण तो दाणे खाणाऱ्यांना खातो. या घरात आम्ही तिघं ज्वारी खातो आणि एकटी गहू खाते. शिवाय आईने ज्या दाण्यांत रंग दिसला तेवढे पाखरांना टाकले होते. रंग न दिसणारे, पण त्याच पोत्यातले, ते गेले चाळीस दिवस जात्यातून वहिनीच्या ताटात येत होते.

वहिनी पाटावर बसली होती. तिने पहिला घास मोडला. मी वाकून तिच्यासमोरचं ताट उचललं.

"ताई!"

"पोळी खाऊ नका. गव्हात विष आहे."

तीळ परतणारा आईचा हात थांबला. दादा ओल्या हातांनी आत आला. मी कागद दाखवला, रेघा दाखवल्या, शिक्र्याचं सांगितलं. मला वाटलं होतं की ऐकल्याबरोबर सगळे मान्य करतील, कारण यापेक्षा स्पष्ट काही असू शकत नव्हतं.

"डोकं फिरलं का वं तुह्यं?" आई म्हणाली. "पाखरावरून माणसाचं सांगते! भरल्या ताटावरून गर्भारशीले उठवते!"

"आई, तिच्या हातातून गिलास पडला."

"माह्या हातून रोज दोन पडते."

वहिनी उठली नव्हती. तिचा चेहरा उतरला होता. तिने माझ्याकडे न पाहता दादाकडे पाहिलं. "माह्या बापानं इख पाठवलं म्हणून राहिली तुमची बहीण. तीन कोस बैलगाडीनं आणला त्यानं गहू, मंग एसटी. घरी त्याचे लेकरं कोंड्याची भाकर खाते."

"पाठवलं असं नाही म्हणत मी. त्यांना माहीत नसेल."

"पन आहे म्हणता ना?"

दादा माझ्या बाजूचाही नव्हता आणि तिच्या बाजूचाही. तो वहिनीला म्हणाला, "प्रेमे, उद्या संक्रांत आहे. सासरे येतीलच तीळगूळ घेऊन. त्याईलेच विचारू. एक रात्र नाही खाल्ली पोळी तर काय बिघडते?"

"मंग मी काहीच खात नाही," वहिनी म्हणाली आणि खरोखर काही न खाता आत जाऊन निजली. आईने रात्री तिच्या उशाशी गूळ-दूध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून गच्च्यांवर पोरांचा आरडाओरडा, आकाशात पतंग. मी सवयीने सात ते आठ खिडकीशी उभी राहिले. चिमण्या चार. होले शून्य. पारवे शून्य. साडेनऊला चंपतराव आले. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. ते ओसरीवर खाटेवर बसले, वहिनी वाकून पाया पडायला गेली आणि त्यांच्या पायांच्या अलीकडेच जमिनीला हात लावला. त्यांनी हसून तिचा हात धरला. "काय वं, बापाचे पाय दिसत नाही का?"

मी समोर जाऊन बसले.

"बाबाजी, त्या बियाण्याला काही लावलं होतं का?"

"लावलं होतं ना. औषध. यंदा सरकारी बियाणं आलं, लाल रंगाचं. किडीसाठी असते म्हणे." ते अगदी मोकळेपणाने सांगत होते. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं. "पन मी असाच नाही आनला बरं. तीन पाणी धुतला. चौथ्या पाण्याले रंग येनं बंद झालं तवा वाळवला. अन् पहिले पारखून पाह्यला."

"कसा पारखला?"

"कोंबड्याले टाकला. आपल्या पोरीले खाऊ घालाचा, तर असाच कसा देईन? न धुतलेला, लालच टाकला. दोन दिवस. मस्त खाल्ला, मस्त फिरल्या, अंडे दिले. मंगच धुवाले घेतला."

मुलीच्या तोंडी जाणारा घास त्यांनी आधी तपासला होता. मी कॉलेजात असते तर मीही तसाच तपासला असता. फक्त एकच विचारायचं राहिलं होतं.

"आता कोंबड्या कशा आहेत?"

"त्या गेल्या ना मंग," चंपतराव म्हणाले. "मानमोडी आली. पौषाच्या आधी. माना मोडून गोल गोल फिरल्या अन् मेल्या. सगळ्याच्या सगळ्या."

"गावात मानमोडी आली होती?"

"आली होती ना."

"गावातल्या बाकीच्यांच्या कोंबड्या मेल्या?"

वरून पतंगाची दोरी तुटल्याचा आरडाओरडा झाला. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पाय फाकवून, होडीत उभं राहावं तशी. मग त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "आमच्याच."

आईच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट तिरपं झालं आणि कुंकू ओसरीवर सांडलं. "मी निवडला ना पन," ती म्हणाली. "मी रोज निवडला. लाल दाना एकही नाही जाऊ देला." हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

चंपतराव त्याच पावली परत निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले ते रिकामं पोतं घेऊन. त्यांनी ते घरी गोठ्याच्या दाराला वाऱ्याला आडोसा म्हणून लावलं होतं. गहू त्यांनी आपल्या साध्या पोत्यात भरून आणला होता. या पोत्यावर काळी कवटी, खाली दोन हाडं आणि चार ओळी इंग्रजी. "आम्हाले वाटलं कंपनीचा छाप असन," ते म्हणाले. "नांगराचा नाही का राहत, बैलाचा राहते, तसा." मी त्या चार ओळी वाचल्या. त्यांनी मला त्यांचा अर्थ विचारला नाही.

उरलेला गहू आणि पीठ घेऊन मी कॉलेजात गेले. शरच्चंद्र सर मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. दाणे आम्लात उकळले, त्यात तांब्याची घासलेली पट्टी सोडली. काही मिनिटांत लाल तांब्यावर चांदीसारखा थर चढला. तिथल्या प्राध्यापकांनी ती पट्टी काचेच्या नळीत घालून तापवली, तेव्हा नळीच्या थंड भागात बारीक चकचकीत थेंब जमले. पारा. धुतलेल्या दाण्यांतही आणि पिठातही. चाळून, निवडून, दळून आईने डब्यात भरलेल्या पिठात.

सरांनी नळी उजेडात धरली. मग म्हणाले, "दाणे थांबवू नका, असं मीच म्हणालो होतो."

"पाखरं मेली नसती तर कळलं नसतं, सर," मी म्हणाले. ते खरं होतं. बोलल्यावर माझ्याच कानांना ते ऐकवेना.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वहिनीला तपासून आधी आम्हाला बाहेर बोलावलं. शरीरात गेलं ते सावकाश बाहेर पडेल, किती आणि कधी सांगता येत नाही. ज्या नसांवर परिणाम झाला तो बहुतेक तसाच राहील. आणि बाळ? त्यांनी चष्मा काढून पुसला. बाळाकडे आईपेक्षा जास्त जातं, म्हणाले. जन्मल्याशिवाय काही कळणार नाही, आणि जन्मल्यावरही लगेच कळणार नाही.

नऊ मार्चला मुलगा झाला. वजन पाच पौंड तीन औंस. रडला, दूध प्यायला. बोटं दहा, कान, ओठ, सगळं जिथल्या तिथे. आईने त्याला तीट लावून शेजारच्या यमुताईंना बोलावून दाखवलं. चंपतराव आले ते ओसरीवरच बसले. आत या म्हटलं तरी येईनात. वहिनीने बाळाला बाहेर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा त्यांनी हात दोन्ही बाजूंना उघडे धरले, बाळाला स्पर्श न करता.

वहिनीला आता फक्त समोरचं दिसे, नळीतून पाहिल्यासारखं. बाजूने कोणी आलं की ती दचकायची. भाजी चिरायची नाही, विस्तवाजवळ जायचं नाही, हे आईने ठरवून टाकलं. बाळाला मात्र ती दुसऱ्या कोणाला घेऊ द्यायची नाही. मे महिन्यात एकदा तिने मला विचारलं, "ताई, हा माह्याकडं पाहते की माह्या आवाजाकडं?"

मी बाळाच्या डोळ्यांसमोर बोट नेलं, टाळी वाजवली, लाल ओढणी हलवली. टाळीला तो वळायचा. ओढणीच्या वेळी कधी वळला असं वाटायचं, कधी नाही. आई म्हणायची, "पाहते ना! हे पाह्य, पाहते!" दादा म्हणायचा, पुरुषमाणूस आहे, एवढ्यात कशाकडे पाहील. घरात प्रत्येकाला जे हवं ते दिसत होतं.

"तुम्ही पाखरं मोजत होत्या तसं मोजा," वहिनी एका सकाळी म्हणाली. "मले खरं सांगा."

"खरं म्हणजे कसंही असलं तरी?"

"हाव. माह्याशी खोटं बोलाले घरात दोघं आहे. तुम्ही नका बोलू."

मी पद्धत ठरवली. खिडकीसमोर बाळ, गजांपासून दोन हातांवर. फरशीवर बाजारातून आणलेल्या, निवडलेल्या, आधी मी स्वतः खाऊन पाहिलेल्या तांदळाच्या कण्या. पक्षी फरशीवरून उडून एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि आवाज न करता गेला, तरच धरायचं. चिवचिवाट झाला तर ती वेळ सोडून द्यायची. बाळ जागं, पोट भरलेलं, रडत नसलेलं. नजर पक्ष्यामागे गेली तर एक काडी. अशा वीस वेळा पूर्ण करायच्या.

तुलना हवी होती. यमुताईंची नात आमच्या बाळाच्याच आठवड्यातली. सतरा जूनच्या रविवारी मी तिला मागून आणलं. यमुताई मागे उभ्या राहून पाहत होत्या. "अगो बाई, चिमणीची परीक्षा की माझ्या नातीची?" त्या म्हणाल्या. त्या मुलीची नजर वीस वेळांपैकी अठरा वेळा पक्ष्यामागे गेली.

पुढच्या रविवारी, चोवीस जूनला, वहिनी बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसली. आई दारात उभी होती आणि दादा तिच्या मागे. त्या दिवशी त्याने काही विनोद केला नाही. वहिनीला बाजूचं दिसत नव्हतं, त्यामुळे तिला पाखरं आली-गेली ते कळत नव्हतं. तिने बाळाचं डोकं तळहातात अलगद धरलं होतं, ते वळलं तर हाताला कळावं म्हणून. मी बाळाच्या डोळ्यांकडे पाहत होते.

चिमण्या परत यायला लागल्या होत्या. पहिली गजावर बसली, अचूक. मग दुसरी. बुलबुल आला, कण्या पाहून निघून गेला. वीस वेळा पुऱ्या व्हायला तास संपून वर दहा मिनिटं लागली.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं."

"सांगा."

सकाळी सात ते आठ दहा. चिमण्या सहा. होला एक. साळुंक्या दोन. बुलबुल एक. बाळाची नजर: वीसपैकी तीन.